मताचा हक्क मिळाला, पण यादीत नाव आहे का? मुस्लिम देशांतल्या महिलांचा मताधिकार आणि आपली तीन शहरं

मतदानाच्या दिवशी उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरमधल्या कुठल्याही केंद्राबाहेर तासभर उभे राहा. एक दृश्य हमखास दिसतं. टेबलावर याद्यांचे गठ्ठे घेऊन कार्यकर्ते बसलेले असतात. बुरखा घातलेली एखादी खाला हातात मतदार कार्ड घेऊन येते. मुलगा बोट फिरवत फिरवत पानं चाळतो आणि शेवटी म्हणतो, "खाला, तुमचं नाव इथं नाही. बाजूच्या शाळेत बघा." बाजूच्या शाळेतही नाव नसतं. कार्ड खरं असतं, खाला खरी असते, वीस वर्षांपासून ती इथं राहतेय, तरी त्या दिवशी तिचं मत पडत नाही. ती निमूट घरी जाते आणि स्वयंपाकाला लागते.

दुसरीकडे एक वाक्य आपल्याला वारंवार ऐकायला मिळतं. लोकलच्या डब्यात ऐकू येतं, व्हॉट्सअॅपवरही फिरत असतं. "मुस्लिम देशांत बायकांना मत देता येतं का? तुमच्या धर्मातच ते नाही." आपल्यातले काहीजण यावर चिडतात, काही गप्प बसतात. आपल्यातलेच काही तर मान हलवून म्हणतात, "बायकांना काय करायचंय राजकारणात?"

या दोन गोष्टी आम्हाला वेगवेगळ्या वाटत नाहीत. म्हणून या लेखात आधी इतिहास बघू, कुठल्या मुस्लिमबहुल देशात महिलांना मत कधी आणि कसं मिळालं ते. मग तोच धागा धरून आपल्या तीन शहरांपर्यंत येऊ.

सुरुवात वाटते त्याहून खूप आधीची

बऱ्याच जणांना वाटतं की महिलांचा मताधिकार आधी युरोप-अमेरिकेत आला आणि मुस्लिम समाजात फार उशिरा पोचला. तारखा काही वेगळंच सांगतात.

१९१७ मध्ये रशियात झारची सत्ता कोसळली. त्या वर्षी मे महिन्यात मॉस्कोत रशियातल्या मुस्लिमांची मोठी परिषद भरली. महिला प्रतिनिधीही तिथं होत्या आणि स्त्री-पुरुषांना समान राजकीय हक्क असावेत असा ठराव तिथं झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस क्रिमियातल्या तातार मुस्लिमांनी आपली प्रतिनिधी सभा निवडली, तिला 'कुरुलताय' म्हणतात. या निवडणुकीत महिलांनी मत दिलं आणि काही महिला निवडूनही आल्या. नामवंत सुधारक इस्माईल गास्पिराली यांची मुलगी शफिका गास्पिराली त्यांपैकी एक.

मे १९१८ मध्ये अझरबैजानचं प्रजासत्ताक जाहीर झालं. घोषणेतच स्त्री-पुरुष भेद न करता नागरिकांना समान हक्क देण्याचं वचन होतं. १९१९ च्या निवडणूक कायद्यात महिलांना पुरुषांच्या बरोबरीनं मताचा हक्क लिहिला गेला. एप्रिल १९२० मध्ये लाल सैन्यानं ते प्रजासत्ताक संपवलं, त्यामुळे त्या कायद्याखाली निवडणूक व्हायची राहूनच गेली. पण कायदा झाला होता, ही नोंद कोणी पुसू शकत नाही.

त्या काळात बाकीचं जग कुठं होतं? ब्रिटननं १९१८ मध्ये मत दिलं ते फक्त तीस वर्षांवरच्या आणि मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या महिलांना. पुरुषांच्या बरोबरीचा हक्क तिथं १९२८ मध्ये आला. अमेरिकेत देशभर हक्क आला १९२० मध्ये, फ्रान्समध्ये १९४४ मध्ये. आणि स्वित्झर्लंडमध्ये? तिथं देशपातळीवर महिलांना मत मिळालं १९७१ साली. म्हणजे तोवर तुर्कस्तान, इंडोनेशिया, इजिप्त, इराण, पाकिस्तान इथल्या महिला मतदार झाल्या होत्या.

तेव्हा "मुस्लिम म्हणजे मागे" हे गणित तारखांवर टिकत नाही. पण इथं थांबून खूश होण्यातही अर्थ नाही, कारण पुढची गोष्ट तितकी सोपी नाही.

धर्माचा मुद्दा

महिलांच्या मताला धर्माच्या नावानं विरोध झालेला आहे, हे लपवायचं कारण नाही. १९५२ मध्ये इजिप्तमध्ये अल-अजहरच्या फतवा समितीनं महिलांच्या राजकीय हक्कांविरुद्ध मत दिलं. १९६० च्या दशकात इराणमध्येही उलेमांच्या एका मोठ्या गटानं विरोध केला.

त्याच वेळी समर्थन करणाऱ्या विद्वानांनी याच धर्मग्रंथांचा आधार घेतला. कुरआनमधल्या सूरह अल-मुम्तहिनाच्या बाराव्या आयतीत महिलांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे बैअत करण्याचा, म्हणजे निष्ठेची प्रतिज्ञा देण्याचा उल्लेख आहे. ही बैअत महिलांनी स्वतः केली. बाप किंवा नवऱ्यानं त्यांच्या वतीनं केली नाही. हुदैबियाच्या वेळी प्रेषितांनी (स.) उम्मे सलमा (रजि.) यांचा सल्ला ऐकला आणि त्याप्रमाणे केलं, हे हदीसमध्ये येतं. तिसऱ्या खलिफांच्या निवडीच्या वेळी अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी महिलांचंही मत विचारलं, असं इतिहासकार लिहितात.

पुढे काय झालं तेही बघा. ज्या इजिप्तमध्ये १९५२ साली विरोधी फतवा आला, तिथं चार वर्षांत हक्क मिळाला. ज्या इराणमध्ये विरोध झाला, तिथं १९७९ च्या क्रांतीनंतर उलेमांचंच राज्य आलं, पण महिलांचं मत कायम राहिलं. म्हणजे धर्म तोच होता, निर्णय काळाप्रमाणे आणि सत्तेप्रमाणे बदलला.

तुर्कस्तान, इंडोनेशिया, पाकिस्तान

तुर्कस्तानमध्ये हक्क टप्प्याटप्प्यानं आला. १९३० मध्ये नगरपालिकेच्या निवडणुकीत आणि डिसेंबर १९३४ मध्ये संसदेसाठी. १९३५ च्या निवडणुकीनंतर तिथल्या संसदेत पहिल्यांदा महिला बसल्या. सुरुवात नगरपालिकेपासून झाली हे लक्षात ठेवा, आपल्याकडेही त्याचा संबंध येणार आहे.

इंडोनेशिया हा जगातला सर्वात मोठा मुस्लिम लोकसंख्येचा देश. तिथं १९५५ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा स्त्री आणि पुरुष एकाच वेळी मतदार झाले. वेगळा लढा, वेगळी तारीख तिथं शोधावी लागत नाही.

पाकिस्तानात महिलांचा मताधिकार सुरुवातीपासून मान्य होता आणि १९५६ च्या राज्यघटनेनं तो पक्का केला. पण प्रौढ मताधिकारावर देशभर पहिली थेट निवडणूक व्हायला १९७० उजाडलं. १९८८ मध्ये बेनझीर भुट्टो पंतप्रधान झाल्या. तरीही काही भागांत सगळ्या पक्षांची पुरुष मंडळी एकत्र बसून "आपल्या बायका मतदानाला जाणार नाहीत" असं ठरवून टाकायची. म्हणून २०१७ च्या निवडणूक कायद्यात तरतूद आली. एखाद्या मतदारसंघात महिलांची मतं एकूण मतांच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी पडली, तर आयोग ती निवडणूक रद्द करू शकतो. २०१८ मध्ये खैबर पख्तुनख्वातल्या शांगला इथल्या एका जागेवर हे प्रत्यक्ष घडलं. निकाल रद्द झाला आणि फेरमतदान घ्यावं लागलं.

कायद्यात हक्क असूनही मत पडत नव्हतं. घरातून निघून केंद्रापर्यंत पोचणं ही वेगळीच लढाई होती.

इजिप्त: अर्ज करेल तिलाच मत

फेब्रुवारी १९५१ मध्ये दोरिया शफीक यांच्या नेतृत्वाखाली सुमारे दीड हजार महिला कैरोच्या संसदेत घुसल्या. मागणी एकच, मत द्या. १९५४ मध्ये नवी राज्यघटना लिहिणाऱ्या समितीत एकही महिला नाही म्हणून दोरिया यांनी उपोषण केलं. १९५६ च्या राज्यघटनेनं महिलांना मत आणि निवडणूक लढवण्याचा हक्क दिला. १९५७ मध्ये रावया अतिया यांच्यासह दोन महिला निवडूनही आल्या.

पण एक फरक ठेवला गेला. पुरुषांसाठी मतदार नोंदणी आणि मतदान सक्तीचं होतं. महिलेनं मात्र स्वतः अर्ज केला तरच तिचं नाव यादीत येणार. बघायला साधी अट. पण जिला लिहिता-वाचता येत नाही, जी कचेरीत एकटी कधी गेली नाही, जिच्या घरात "कशाला पाहिजे?" असं विचारलं जातं, ती अर्ज कशी करणार? राज्यघटनेनं दिलेला हक्क नोंदणीच्या खिडकीवर अडून बसला.

सीरियात १९४९ मध्ये मत मिळालं, पण प्राथमिक शिक्षणाचा दाखला असलेल्या महिलांनाच. निरक्षर पुरुषाला ही अट नव्हती. काही वर्षांनी ती काढावी लागली.

आखात: जिथं आपली माणसं कमावतात

आपल्या भागातल्या अनेक घरांतलं कोणी ना कोणी कुवेत, सौदी, कतार किंवा दुबईला असतं. त्यामुळे तिथली गोष्ट आपल्याला जवळची.

कुवेतमध्ये १९९९ मध्ये अमीरांनी महिलांना मत देण्याचा हुकूम काढला. संसदेनं तो फेटाळला आणि त्याच आशयाचं विधेयकही अगदी थोड्या मतांनी, ३२ विरुद्ध ३० असं पडलं. त्यानंतर कुवेतच्या महिलांनी काय केलं? त्या मतदार नोंदणीच्या कार्यालयांत जाऊन उभ्या राहिल्या, "आमचं नाव लिहा" म्हणाल्या. नकार मिळाल्यावर कोर्टात गेल्या. शेवटी १६ मे २००५ रोजी संसदेनं ३५ विरुद्ध २३ मतांनी कायदा बदलला. २००६ मध्ये महिलांनी पहिल्यांदा संसदेसाठी मत दिलं. २००९ मध्ये चार महिला खासदार झाल्या.

कतारमध्ये १९९९ मध्ये पहिली नगरपालिका निवडणूक झाली आणि महिलांना पहिल्या दिवसापासून मत होतं. बहरीनमध्ये २००२ मध्ये मिळालं.

सौदी अरेबियात राजे अब्दुल्ला यांनी २०११ मध्ये घोषणा केली आणि १२ डिसेंबर २०१५ रोजी महिलांनी नगरपालिकेसाठी पहिल्यांदा मतदान केलं. सुमारे वीस महिला निवडून आल्या. पण याद्यांचे आकडे बघा. नोंदणी झालेल्या महिला होत्या सुमारे १ लाख ३० हजार आणि पुरुष साडेतेरा लाखांच्या आसपास. राहत्या पत्त्याचा पुरावा लागायचा आणि घर बहुधा पुरुषाच्या नावावर. हक्क मिळाला तरी दहा पुरुषांमागे एकच बाई यादीत आली.

अफगाणिस्तानची गोष्ट उलटी आहे. तिथं १९६४ च्या राज्यघटनेनंतर महिलांनी मत दिलं, २००४ मध्ये पुन्हा मोठ्या संख्येनं रांगा लावल्या. ऑगस्ट २०२१ पासून मात्र निवडणूकच नाही, ना बाईला ना पुरुषाला. मिळालेला हक्क कायम राहतोच असं नाही, हे त्यातून दिसतं.

आपल्याकडे: मुंबई प्रांत, १९२१

आता घरी येऊ. भारतात मुस्लिम महिला या लढ्यात पहिल्या दिवसापासून होत्या.

डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडू यांच्यासोबत महिलांचं शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यू यांना मद्रासमध्ये भेटलं आणि मताची मागणी केली. त्यात बेगम हसरत मोहानी होत्या. पुढे गोलमेज परिषदेत बेगम शाहनवाज यांनी महिलांची बाजू मांडली.

मुंबई प्रांताच्या विधिमंडळानं १९२१ मध्ये महिलांना मत देण्याचा ठराव मंजूर केला. मद्रासनंतर लगेच आपलाच नंबर. तेव्हा मालमत्तेची अट होती, त्यामुळे फार थोड्या महिला त्यात बसायच्या. पण एक गोष्ट इथं मुद्दाम सांगायला हवी. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई प्रांताचाच भाग होता. म्हणजे आज उल्हासनगरमध्ये ज्यांच्या शेजारी आपण राहतो, त्या सिंधी कुटुंबांच्या आज्या-पणज्यांना कराची-हैदराबादमध्ये आणि मुंबई-ठाण्यातल्या मुस्लिम महिलेला हा हक्क एकाच ठरावानं खुला झाला होता.

जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. याच संघटनेतल्या शरीफा हामिद अली आपण लक्षात ठेवायला हव्यात. अब्बास तय्यबजी यांची ही मुलगी. १९३३ मध्ये लंडनला ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे त्या राजकुमारी अमृत कौर आणि मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्यासोबत साक्ष द्यायला गेल्या. तिघी तीन धर्मांच्या, मागणी एकच. प्रत्येक प्रौढ स्त्रीला मत, आणि धर्मावरून महिलांची वाटणी नको. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा महिलांच्या दर्जाविषयीचा आयोग कामाला लागला, तेव्हा भारताच्या प्रतिनिधी म्हणून शरीफा हामिद अलीच तिथं बसल्या.

सरकारनं त्यांचं पूर्ण ऐकलं नाही. १९३५ च्या कायद्यानं वेगळे मतदारसंघ ठेवले. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी महिलांसाठी सहा राखीव, त्यातली एक मुस्लिम महिलेची. मालमत्ता, शिक्षण किंवा नवऱ्याची पात्रता यावर मत मिळायचं. म्हणजे पुष्कळ ठिकाणी बाईचं मत नवऱ्याच्या शेतसाऱ्याला टांगलेलं.

संविधान सभेत एकच मुस्लिम महिला सदस्य होत्या, उत्तर प्रदेशच्या बेगम ऐजाज रसूल. त्यांनी वेगळ्या मतदारसंघांना विरोध केला. २६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या कलम ३२६ नं सगळ्या अटी संपवल्या. धर्म, जात, शिक्षण, मालमत्ता, स्त्री-पुरुष, काहीही बघायचं नाही. वय २१ पूर्ण, की मत. १९८९ पासून ते १८ झालं.

कल्याण कॅम्प आणि २८ लाख नावं

आता या लेखातल्या सर्वात महत्त्वाच्या दोन गोष्टी. दोन्ही पहिल्या निवडणुकीच्या याद्यांच्या आहेत.

देशाच्या मतदार याद्या बनवायचं काम १९४८ पासूनच सुरू झालं. तेव्हा फाळणीतून आलेले लाखो निर्वासित छावण्यांत होते. आपल्या कल्याणजवळच्या लष्करी कॅम्पात सिंधमधून आलेली कुटुंबं बराकींमध्ये राहत होती. याच कॅम्पाचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. या लोकांकडे इथल्या पत्त्याचा जुना पुरावा कुठून असणार? यादीत यायचं तर ठरावीक मुदत त्या ठिकाणी राहिलेलं असावं, असा नियम. त्या वेळच्या अधिकाऱ्यांनी तोडगा काढला. निर्वासितानं "मला इथं कायम राहायचं आहे" एवढं लिहून दिलं की त्याचं नाव घ्यायचं. कागद नसलेल्या माणसाला बाहेर ठेवण्याऐवजी आत घेण्याची वाट काढली गेली.

दुसरी गोष्ट याच्या उलट. याद्या करणारे कर्मचारी घरोघरी गेले तेव्हा अनेक बायका स्वतःचं नाव सांगेनात. "अमक्याची आई", "तमक्याची बायको" एवढंच. परक्या पुरुषासमोर नाव घ्यायचं नाही, ही रीत. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत या भागांत हे फार होतं आणि त्यात सगळ्या धर्मांच्या बायका होत्या. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी निर्णय घेतला की नाव सांगितल्याशिवाय नोंद होणार नाही. मुदत वाढवून दिली, तरीही जवळपास २८ लाख महिलांची नावं यादीतून गेली. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत त्या मत देऊ शकल्या नाहीत.

त्यांना कोणी फतवा काढून रोखलं नव्हतं. संविधान त्यांच्या बाजूनं होतं. तरी मत गेलं, कारण यादीत त्यांचं स्वतःचं नाव नव्हतं. सेन यांच्या या कडक निर्णयामुळे पुढच्या निवडणुकांत बायका नाव सांगू लागल्या. पण त्या एका निवडणुकीत २८ लाख बायकांचा आवाज उमटलाच नाही.

उल्हासनगरचं माहेर, बदलापूरचं सासर

आज कोणी खाला "अमक्याची अम्मी" म्हणून नोंद करत नाही. पण नाव गळायची कारणं संपलेली नाहीत. एक साधं उदाहरण घेऊ.

समजा, उल्हासनगरच्या मुलीचं लग्न बदलापूरला झालं. लोकलनं दोन स्टेशनांचं अंतर. पण मतदार यादीच्या हिशेबात ती खूप लांब गेली. उल्हासनगर आणि अंबरनाथ हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ कल्याण लोकसभेत येतात. बदलापूर शहर येतं मुरबाड विधानसभेत, आणि तो भाग भिवंडी लोकसभेचा. म्हणजे मुलीचा आमदार बदलला, खासदार बदलला. माहेरच्या यादीतलं तिचं नाव आपोआप सासरी येत नाही. यादी तपासणारे माहेरी आले की घरचे खरं तेच सांगतात, "ती लग्न होऊन गेली." तिथून नाव वगळलं जातं. सासरी अर्ज कोणी केलेला नसतो. दोन्हीकडून ती गेली.

मुलाच्या बाबतीत हे क्वचित होतं, कारण त्याचं घर लग्नानं बदलत नाही. मुलीचं बदलतं, नावही बदलतं. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. आधारवर "शेख फातिमा बी", रेशन कार्डावर "फातमा शेख", मतदार यादीत "फातेमा बानो". कुठं बापाचं नाव, कुठं नवऱ्याचं. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी करताना मशीन काहीतरी तिसरंच छापतं. बाई एकच, कागदावर तीन.

हे किती महाग पडू शकतं, ते २०२५ मध्ये बिहारनं दाखवलं. तिथं याद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं आणि प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं कमी झाली. कारणं मृत्यू, स्थलांतर, दुबार नोंद अशी दिली गेली. २००३ च्या यादीत ज्यांचं नाव नव्हतं त्यांच्याकडून कागद मागितले गेले आणि आई-वडिलांच्या त्या यादीतल्या नोंदीचा उतारा उपयोगी पडला. लग्न झालेल्या बाईला तो उतारा सासरी मिळत नाही, माहेरहून आणावा लागतो.

मग करायचं काय?

आमची वाचकांना विनंती आहे की निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका. पुढची कामं एका संध्याकाळची आहेत.

पहिलं, घरातल्या प्रत्येक बाईचं नाव यादीत तपासा. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर कार्डाचा नंबर टाकला की नाव, यादी भाग आणि केंद्र दिसतं. फोन करायचा असेल तर १९५०. हातात कार्ड आहे म्हणून निश्चिंत राहू नका. यादीत नाव नसेल तर कार्ड असूनही मत देता येत नाही. उलट यादीत नाव आहे आणि कार्ड हरवलंय, तर आधार, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, पॅन किंवा फोटो असलेलं बँकेचं पासबुक यांपैकी एक चालतं.

दुसरं, योग्य फॉर्म भरा. नवीन नावासाठी फॉर्म ६. पत्ता बदलला, नावात किंवा नात्यात दुरुस्ती हवी, तर फॉर्म ८. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव आधीच माहेरच्या यादीत असेल तर नवीन फॉर्म ६ भरू नका, फॉर्म ८ नं नाव हलवा. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्यानं चुकीचं आहे आणि नंतर दोन्ही नोंदी अडचणीत येतात. फॉर्म ऑनलाइन भरता येतात किंवा आपल्या भागातल्या बीएलओकडे देता येतात. बीएलओचं नावही त्याच अॅपवर मिळतं.

तिसरं, मुलगी १८ वर्षांची होताच नाव घाला. आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. निकाहाच्या आधी मुलीचं नाव यादीत असेल तर पुढे फक्त पत्ता हलवायचा राहतो.

चौथं, कागद एकसारखे करा. आधार, रेशन कार्ड आणि मतदार यादीत नावाचं एकच रूप ठेवा. सुनेच्या आई-वडिलांच्या जुन्या यादीतल्या नोंदीची प्रत मागवून फाइलला लावा.

पाचवं, पडद्याची काळजी. ओळख पटवायला चेहरा दाखवावा लागतो, हे खरं. पण जिथं पडदानशीन मतदार जास्त आहेत तिथं महिला मतदान अधिकारी आणि आडोशाची सोय करावी, अशा आयोगाच्या सूचना आहेत. केंद्रावर ती मागायला संकोच करू नका. महिलांची रांगही वेगळी असते.

आणि आखातात असलेल्यांसाठी. भारतीय नागरिकत्व कायम असेल तर फॉर्म ६अ भरून परदेशस्थ मतदार म्हणून नाव ठेवता येतं. मात्र मत द्यायला इथं यावं लागतं.

नळ, गटार आणि नगरसेविका

कोणी म्हणेल, एका मतानं काय होतं? तुर्कस्तान आणि सौदीत महिलांची सुरुवात नगरपालिकेपासून झाली ते आठवा. आपल्याकडेही बाईच्या रोजच्या जगण्याशी सर्वात जवळची निवडणूक तीच. पाणी किती वाजता येणार, गल्लीतला कचरा कोण उचलणार, शाळेचं छत, दवाखान्यातली बाई डॉक्टर, हे सगळं उल्हासनगर महापालिकेत आणि अंबरनाथ, कुळगाव-बदलापूरच्या नगरपरिषदांत ठरतं. २०११ पासून महाराष्ट्रात या संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. आणि या निवडणुकांसाठी वेगळी यादी बनत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागांत वाटतात. विधानसभेच्या यादीतून नाव गेलं की नगरसेवकाच्या निवडणुकीतूनही गेलं.

नळावरच्या रांगेत बाई उभी राहते. त्या नळाचा निर्णय कोण घेणार हे ठरवायच्या रांगेत मात्र ती नसते, हे आपल्याला कसं चालतं?

आम्हाला मशिदींच्या जमातींना, महिला बचत गटांना आणि मोहल्ल्यातल्या शिकलेल्या पोरा-पोरींना एवढंच सांगायचं आहे. एखाद्या जुम्म्यानंतर किंवा रविवारी मोबाईल घेऊन बसा आणि आपल्या गल्लीतल्या वीस घरांतल्या बायकांची नावं तपासा. यादीत पुरुष किती आणि बायका किती, मोजा. फरक मोठा दिसला तर कारण शोधा. कुठली सून राहिली, कुठली खाला गळली, कुणाचं नाव चुकलं.

कैरोतल्या बायकांना अर्जासाठी खिडकीवर जावं लागलं, कुवेतच्या बायकांना त्या खिडकीवरून परत पाठवलं गेलं. आपल्या खालाला ती खिडकी आज घरातल्या मोबाईलमध्ये उघडते. तिला फक्त शेजारी बसून कोणीतरी विचारायला हवं, "खाला, तुमचं पूर्ण नाव सांगा."